उसाच्या रसाचा शिरका निवळत नाही, तेव्हा काय काय तपासायचं

ऊसतोड सुरू झाली की महिन्या-दीड महिन्यानं एकच तक्रार गावोगावहून कानावर येते. रस आंबला, बुडबुडे येऊन गेले, वासही सुटला, पण बरणीतलं काही केल्या निवळत नाही. औशाकडच्या एका काकूंनी फोनवर सांगितलं ते अगदी नेमकं होतं: "धोतराच्या फडक्यातून गाळलं, तुरटी फिरवली, हात नाही लावला, तरी ज्वारीच्या धुवणावानी दिसतंय बघा."

बहुतेकांचा पहिला शिरका, म्हणजे व्हिनेगर, असाच होतो आणि पुढच्या हंगामातलाही, कारण उपाय शेवटी शोधला जातो आणि बिघाड रस काढला त्या दिवशीच झालेला असतो. शिवाय गढूळपणाचं कारण एक नसतं. तरंगणारं यीस्ट, उसातला स्टार्च, मेण आणि प्रथिनं, शिळ्या उसाची चिकट तार, बॅक्टेरियाची साय, चरकाचं लोखंड, यातलं काहीही असू शकतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

तुरटी आणि फडकं

तुरटीचं आधी सांगतो, कारण घरात गढूळ पाण्याला तीच वापरायची सवय आहे. पाण्याचा सामू (पीएच) ६ ते ८ च्या दरम्यान असतो. तिथे तुरटीतल्या ॲल्युमिनिअमचे चिकट पुंजके तयार होतात आणि माती घेऊन तळाला बसतात. शिरक्याचा सामू ३ च्या आसपास. एवढ्या आंबटात पुंजके बनतच नाहीत, तुरटी नुसती विरघळून राहते. म्हणजे गढूळपणा जागच्या जागी आणि वर ॲल्युमिनिअम पोटात. ज्या बरणीत तुरटी पडली तो शिरका खाण्यात घेऊ नका. बोअरच्या पाण्यानं नळावर आणि फरशीवर चढलेले क्षार काढायला तो चांगला चालतो, तिकडे वापरा.

फडक्यातून गाळल्यानं चोयट्या आणि चिलटं निघतात, बाकी काही नाही. यीस्टची एक पेशी पाच ते दहा मायक्रॉनची असते, मलमलीची छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी. उलट वारंवार गाळताना तळाला बसत आलेला साका पुन्हा उठतो.

आंबणं खरंच संपलंय का?

शिरका दोन टप्प्यांत होतो. आधी यीस्ट साखरेचा मद्यार्क करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मग ॲसिटिक बॅक्टेरिया हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या मद्यार्काचं आम्ल करतात. पहिला टप्पा चालू असताना आतून सतत वायू वर येत असतो आणि तो यीस्टला खाली बसूच देत नाही. अशा बरणीत कोणतीही पावडर टाकली तरी फुकट जाते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त बरण्या याच जातीच्या असतात.

मधल्या टप्प्यावर थांबायचं नाही, हेही इथंच सांगून ठेवतो. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. बचत गटाला शिरका विकायचा असेल तर अन्न नोंदणी लागेलच, पण कामाला हात घालण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे विचारणा करून घ्या.

बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली असं धरू नका. यीस्टला २५ ते ३० अंश मानवतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीत पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि पत्र्याच्या खोलीतली बरणी रात्रभर गारठून यीस्ट झोपी जातं. दुपारी थोडं जागं होतं, पुन्हा थंड पडतं. वरून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं. उन्हाळ्यात उलटं होतं. बाहेर चाळीस-बेचाळीस असताना बरणीचं तापमान ३५ च्या वर गेलं की यीस्टला त्रास सुरू होतो, चाळिशीला ते बंद पडतं आणि निम्मी साखर तशीच राहते. म्हणून एप्रिल-मे टाळा. वेळ अमावास्येला शेतात आंबिलाची मडकी निघतात, तेव्हापासून शिमग्यापर्यंतचा काळ आपल्याकडे या कामाला सर्वांत बरा. थंडीत बरणी गोधडीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवा. माळवदाचं जुनं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, तिथे दिवस-रात्रीचा फरक फार पडत नाही. ऊन तापायला लागलं तर बरणी पाण्याच्या घमेल्यात ठेवून भोवती ओलं पोतं गुंडाळा. आपल्या कोरड्या हवेत चार-सहा अंश सहज उतरतात.

साखर संपली की नाही हे हायड्रोमीटरनं, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीनं बघा. काटा १.००० च्या आसपास किंवा त्याखाली यायला हवा आणि दोन-तीन दिवस तिथंच राहायला हवा. इथे ऊस उत्पादकांची एक हमखास फसगत होते. बऱ्याच जणांकडे ऊस पक्व झाला का ते बघायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो. तोच ते आंबलेल्या रसाला लावतात आणि चार-पाच ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दिसले की "अजून साखर आहे" म्हणून वाट बघत बसतात. मद्यार्क प्रकाशाला साखरेसारखाच वळवतो, त्यामुळे सगळी साखर संपली तरी हे यंत्र शून्य दाखवत नाही. रिफ्रॅक्टोमीटर पहिल्या दिवशी ताज्या रसासाठी वापरा, त्यानंतर फक्त हायड्रोमीटर.

संपल्याची खात्री झाली की बरणी थंड करा. छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत. आंबून झालेली बिअर शून्य-दोन अंशांपर्यंत थंड ठेवतात, त्या गारव्यात यीस्ट तळाला जातं आणि प्रथिनांचा धूसरपणाही वेगळा होतो, हे त्या धंद्याचं जुनं तंत्र आहे. आपल्याला एवढ्या यंत्रांची गरज नाही. पाच लिटरची बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस ठेवली तरी फरक डोळ्यांना दिसतो. एक लक्षात घ्या, केक-पावाचं यीस्ट तळाला बसायच्या बाबतीत आळशी असतं. त्याला निवडून वाढवलंय ते पीठ फुगवण्यासाठी. वाइनचं यीस्ट मिळत असेल तर तेच घ्या, साका घट्ट बसतो आणि वरचं निवळ काढताना ढवळत नाही. दहा लिटरला दोन-तीन ग्रॅम पुरे, आधी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून.

खरं काम रस काढायच्या दिवशी

फडात मोळ्या बांधून पडलेला ऊस स्वस्तात मिळतो, आणि तिथंच शिरका बिघडतो. ऊस तुटला की कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे बॅक्टेरिया आत शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. बोटांत धरून बघितलं तर रसाला तार सुटते. ही तार गाळून जात नाही, थंड करून बसत नाही, बेंटोनाइट या निवळायला वापरायच्या मातीलाही दाद देत नाही. जळीत ऊस तर आणखी लवकर बिघडतो. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत, जमलं तर त्याच दिवशी, चरकाला लावा.

शेंड्याकडचे कोवळे कांडे वाढ्याबरोबर तोडून जनावरांना घाला. तिथे साखर कमी आणि स्टार्च जास्त असतो. ऊस धुऊन घ्या, मुळाकडची माती खरवडून काढा. रसवंतीवरून रस आणत असाल तर बर्फ, लिंबू, आलं न घालता वेगळा काढून घ्या आणि आधीचा लिंबू-आल्याचा चरक धुवायला सांगा. चरकाच्या लोखंडाकडेही लक्ष असू द्या. गंजलेल्या रोलरमधून आलेलं लोखंड रसातल्या तुरट द्रव्यांशी मिळून काळपट झाक आणतं. भांडं स्टीलचं घ्या. पितळ, तांबं, ॲल्युमिनिअम, लोखंड यांना या कामात जागा नाही, आम्ल ते खातं.

रस काढला की लगेच चुलीवर चढवू नका. तासभर थंड जागी स्थिर ठेवा. स्टार्चचे कण कच्चे असताना जड असतात, तळाला पांढरा थर धरतात. वरचा रस अलगद दुसऱ्या पातेल्यात घ्या आणि तो थर टाकून द्या. थर तसाच ठेवून रस उकळलात तर स्टार्च शिजून रसात मिसळतो आणि मग तो बाहेर काढणं घरच्या साधनांनी होत नाही. हा एक तास मी कुणालाही टाळू देत नाही.

आता उकळा, आणि गुऱ्हाळावर काढतात तशी मळी काढा. आधी हिरवट-काळा फेस येतो, मग करडा, मग पांढरा. पांढरा येईपर्यंत झारा चालू ठेवायचा. या मळीत उसाचं मेण, प्रथिनं, चिकटद्रव्यं सगळं निघून जातं. गुऱ्हाळवाले भेंडीचं खोड ठेचून त्याचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी एकत्र गोळा होते. ते इथंही चालतं, पण हात आवरता ठेवा, कारण उरलेला भेंडीचा चिकटपणाच पुढे धूसरपणा देतो. चुन्याची निवळी मात्र घालू नका. गुळाला ती उपयोगी, पण इथे ती सामू वर नेते आणि नको त्या बॅक्टेरियांना वाट मोकळी करते.

पक्व उसाच्या रसाचे ब्रिक्स साधारण १८ भरतात. तसाच आंबवला तर नऊ-दहा टक्के मद्यार्क होतो आणि एवढ्यात ॲसिटिक बॅक्टेरिया नीट कामाला लागत नाहीत. १२ ब्रिक्सवर आणा. दहा लिटर रसाला साधारण पाच लिटर पाणी. पाणी उकळून रात्रभर उघडं ठेवलेलं हवं, कारण टँकरच्या आणि नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते आणि क्लोरीन जसा इतर जंतूंना मारतो तसा आपल्या बॅक्टेरियांनाही मारतो. सगळं ३० अंशांच्या खाली आलं की मगच यीस्ट.

पहिल्या टप्प्यात तोंड बंद हवं, पण वायूला वाट हवी. मेडिकलमधून सलाईनची नवी नळी आणा, झाकणाला भोक पाडून एक टोक आत हवेत, दुसरं पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. झाकण घट्ट लावून ठेवलेली काचेची बरणी फुटू शकते, मुलंबाळं असलेल्या घरात हा धोका पत्करू नका.

काय तरंगतंय ते ओळखायच्या तीन परीक्षा

आंबून झालं, थंड करून झालं, तरी गढूळच असेल तर तीन पेल्यांत थोडं थोडं घ्या.

एकात बिटाडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. याला घरी उतारा नाही. खायला अपाय नाही, लोणच्यात आणि चटणीत वापरून टाका, पुढच्या वेळी तो एक तास सांभाळा.

दुसऱ्यात दुपटीनं सर्जिकल स्पिरिट घालून हलकेच हलवा. लोंबत्या तारा किंवा जेलीसारखे गोळे दिसले तर डेक्स्ट्रान किंवा तशीच चिकटद्रव्यं. ऊस शिळा होता. हा पेला ओतून द्या, चुकूनही तोंडाला लावू नका. पेरू किंवा सफरचंदाचा शिरका करणाऱ्यांना इथे गोळे दिसले तर ते पेक्टिन समजा. त्याला पेक्टिनेज एन्झाइम आहे आणि ते सुरुवातीलाच घालायचं असतं.

तिसरा पेला कोमट पाण्यात ठेवून गरम करा. फ्रीजमध्ये धुरकट आणि गरम केल्यावर स्वच्छ, तर ती प्रथिनं आणि तुरट द्रव्यांची जोडी. इथे बेंटोनाइट कामाला येतं.

बेंटोनाइट कसं वापरायचं

ही एक प्रकारची माती आहे. तिच्यावर ऋण भार असतो, आंबट द्रवात प्रथिनांवर धन भार असतो, दोन्ही चिकटून जड होतात आणि बसतात. खाद्य प्रतीचंच घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगच्या खड्ड्यासाठी त्याच नावाची पोती मिळतात, ती यासाठी नाहीत.

लिटरला एक ग्रॅम. दहा लिटरसाठी दहा ग्रॅम मोजा, दीडशे मिली गरम पाणी घ्या आणि पावडर चिमटी-चिमटीनं भुरभुरवत रवीनं ढवळत राहा. पाणी पावडरवर ओतलंत तर गुठळ्या होतात आणि त्या कधीच सुटत नाहीत. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी गुळगुळीत, करड्या रंगाची पातळ लापशी तयार असेल. ती शिरक्यात घालून दोन मिनिटं नीट ढवळा आणि आठवडाभर विसरा. बसलेला साका करडा आणि फुगीर असतो, त्यामुळे काढताना नळीचं टोक तळापासून दोन-तीन बोटं वर धरा. बरणी आदल्या दिवशीच ओट्यावर ठेवलेली बरी, उचलाउचलीत सगळं पुन्हा वर येतं.

हे शिरका पूर्ण आंबट झाल्यावर करायचं. आधी केलंत तर मातीबरोबर आपले बॅक्टेरियाही तळाला जातात.

निवळलं, पण आंबट होत नाही

इथे जवळजवळ नेहमीच हवेचा प्रश्न असतो. पहिल्या टप्प्यातली नळी आणि झाकण दुसऱ्या टप्प्यातही तसंच ठेवलं जातं. साक्यावरून निवळ काढून घेतल्यावर ते रुंद तोंडाच्या बरणीत घाला, दोन-तृतीयांशच भरा आणि तोंडावर मलमलीचे चार पदर सुतळीनं आवळून बांधा. एक पदर पुरत नाही, चिलटं आत जातात आणि अंडी घालतात.

विरजण म्हणून न उकळलेला, जिवंत शिरका एकूण मापाच्या दहा ते वीस टक्के घाला. सफरचंदाच्या शिरक्याच्या काही बाटल्यांवर मदर, म्हणजे बॅक्टेरियाची जिवंत साय, असल्याचं लिहिलेलं असतं, ती चालते. चायनीजच्या गाड्यावरचा पांढरा व्हिनेगर चालत नाही, त्यात जिवंत काही नसतं. या विरजणामुळे सामू पहिल्या दिवसापासून खाली राहतो आणि बुरशीला जागा मिळत नाही. नंतर महिना-दोन महिने लागतील. या काळातही २५ ते ३० अंशच हवेत, पस्तिशीच्या वर हे बॅक्टेरियाही मान टाकतात.

वर आलेल्या थराला लोक घाबरतात. गुळगुळीत, ओलसर, अर्धपारदर्शक साय असेल तर ती मदर, तिला हलवू नका. कोरडा, पांढरा, सुरकुत्या पडलेला पापुद्रा असेल तर ते हवेतलं रानटी यीस्ट. विषारी नाही पण चव घालवतं. काढून टाका आणि जिवंत शिरका आणखी घाला. केसाळ असेल, हिरवं-काळं-गुलाबी असेल तर ती बुरशी. वरचं काढून खालचं वापरू नका, सगळं ओता आणि बरणी उकळत्या पाण्यानं धुवा.

नेलपॉलिशसारखा वास आला तर हवा वाढवा आणि थांबा, आम्ल वाढेल तसा तो बहुतेकदा जातो. कुजक्या अंड्याचा वास पहिल्या टप्प्यात येतो. यीस्टला नत्र कमी पडल्याची ती खूण आहे. "डीएपी टाका" असा सल्ला कुणीतरी देतंच, आणि आपल्याकडे घरोघरी डीएपीचं पोतं पडलेलं असतं. ते खत आहे. त्यात कॅडमिअमसारखे जड धातू असू शकतात. यीस्टसाठीचं खाद्य प्रतीचं वेगळं मिळतं, तेच वापरा, नाहीतर काहीच नको.

बाटलीत भरताना

मद्यार्क संपला की हेच बॅक्टेरिया आम्ल खायला लागतात आणि शिरका पुन्हा पाणचट होतो. शिवाय बाटलीत नवी साय धरते आणि एवढा निवळलेला शिरका परत धूसर दिसतो. म्हणून आंबटपणा भरला की बाटल्या पाण्याच्या पातेल्यात उभ्या करून ६५ ते ७० अंशांवर वीस मिनिटं धरा, गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट लावा. विरजणासाठी एक बाटली न तापवता बाजूला काढून ठेवा.

आम्ल किती झालं हे जिभेवर सोडू नका. भारतातल्या अन्न मानकांनुसार शिरक्यात निदान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल हवं, आणि भाज्या टिकवायच्या असतील तर पाच टक्के असलेलं बरं. गावातल्या कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा ओळखीची असेल तर काम सोपं आहे. एक मिली शिरका, थोडं उकळून गार केलेलं पाणी, फिनॉफ्थॅलिनचे दोन थेंब, आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबा. जितके मिली लागले त्याला ०.६ नं गुणा, ती टक्केवारी. सव्वासहा मिली लागले तर ३.७५. त्यापेक्षा कमी भरलं तर बाटलीत भरू नका, परत मलमल बांधून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळचा आकडा एकच आला तर मद्यार्क संपलाय, त्या बरणीत आणखी आंबटपणा येणार नाही. तो शिरका सॅलडला आणि रोजच्या भाजीला वापरा, लोणच्याला नको.